सेंट्रिफ्युगल पंपाचे मेकॅनिकल सील बदलताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नवे मेकॅनिकल सील (फिरता शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथली गळती अडवणारा भाग) बसवले आणि काही दिवसांतच पंप पुन्हा गळू लागला, ही तक्रार पाणीपुरवठा केंद्रापासून रसायन कारखान्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. दोष बहुधा सीलच्या माथी मारला जातो, दुसरे सील मागवले जाते आणि तेही त्याच शाफ्टवर, त्याच बेअरिंगांवर, त्याच ताणलेल्या पाइपलाइनवर बसवले जाते. सील बदलण्याच्या कामातला निम्म्याहून अधिक वेळ नव्या सीलचे खोके उघडण्याआधी जायला हवा, आणि प्रत्यक्षात नेमका तोच वेळ वाचवला जातो. हा लेख त्या वेळात काय करायचे आणि नंतरच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या यासाठी आहे.

येथे गृहीत धरलेला पंप आडवा, मागच्या बाजूने उघडणारा, शाफ्टवर स्लीव्ह (शाफ्टचे रक्षण करणारी नळी) असलेला आहे. सील एकेरी, स्प्रिंगचे, सुट्या भागांचे आणि स्टफिंग बॉक्सच्या (शाफ्टभोवतीच्या, सील बसण्याच्या पोकळीच्या) आत बसणारे आहे. कार्ट्रिज सीलचा (कारखान्यातूनच एकत्र जोडून आलेल्या सीलचा) क्रम वेगळा असल्याने तो शेवटी स्वतंत्रपणे दिला आहे.

## गळती नेमकी कुठे अडते

सीलमध्ये दोन गुळगुळीत फेस एकमेकांवर टेकलेले असतात. एक शाफ्टबरोबर फिरतो, दुसरा ग्लँडमधल्या (बॉक्सच्या तोंडावर नटांनी बसणाऱ्या झाकणातल्या) सीटवर, म्हणजे न फिरणाऱ्या कड्यावर, स्थिर असतो. स्प्रिंग आणि द्रवाचा स्वतःचा दाब मिळून त्यांना जवळ ठेवतात, पण चालू पंपात ते पूर्णपणे कोरडे टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ असा द्रवाचा थर राहतो. हा थर फेसना वंगण पुरवतो आणि थंडही ठेवतो. त्यातून बाहेर येणारा द्रव इतका थोडा असतो की तो बहुतेक वेळा दिसण्यापूर्वीच उडून जातो. दोन समांतर पृष्ठांमधून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. फेसवर बोटाचा ठसा, धुळीचा कण किंवा ग्रीसचा थर राहू देऊ नये हा आग्रह यासाठी आहे.

द्रवाला बाहेर पडण्याच्या वाटा मात्र फेसपुरत्या मर्यादित नाहीत. फिरत्या भागाखालची ओ-रिंग किंवा रबरी बेलोज (घडीदार नळी), सीटमागची ओ-रिंग, ग्लँडचे गॅस्केट आणि स्लीव्हखालचे गॅस्केट, यांपैकी कुठूनही पाणी बाहेर येऊ शकते. गळतीचे निदान करताना या पाचही वाटा डोळ्यांसमोर असाव्यात.

सावधान: गळणाऱ्या मेकॅनिकल सीलची ग्लँड आवळू नये. ग्लँड पॅकिंगमध्ये नट फिरवून थेंब कमी करता येतात, कारण तिथे दोरी शाफ्टवर दाबली जाते. मेकॅनिकल सीलमध्ये ग्लँड आवळल्याने फेस जवळ येत नाहीत; उलट सीट वाकडी होते, तिचा सपाटपणा जातो आणि थेंबांची धार होते. पॅकिंगवर वर्षानुवर्षे काम केलेल्या हातांची ही सवय सर्वांत आधी मोडावी लागते.

## टप्पा १: पंप सुरक्षितपणे वेगळा करणे

मोटरचा पुरवठा पॅनेलवरून तोडून तिथे स्वतःचे कुलूप व सूचनापट्टी लावावी आणि मग स्टार्ट बटण दाबून पंप खरोखर सुरू होत नाही याची खात्री करावी. सक्शन आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह बंद करावेत. फ्लशिंगची (सीलपाशी द्रव सोडून ते स्वच्छ व थंड ठेवण्याची) वेगळी लाइन असेल तर तीही बंद करावी, कारण बाहेरून येणाऱ्या फ्लशिंगचा दाब अनेकदा विसरला जातो. त्यानंतर व्हेंट व ड्रेन उघडून दाब शून्यावर आल्याचे पाहावे. आम्ल, अल्कली किंवा विषारी द्रव असेल तर पंप धुऊन मगच उघडावा, आणि धुतल्यावरही सीलच्या पोकळीत द्रव साचलेला असणारच असे समजून हातमोजे व चेहऱ्याची ढाल वापरावी.

## टप्पा २: जुने सील फेकण्याआधी वाचणे

जुने सील जसे निघेल तसे, न पुसता, एका ट्रेमध्ये मांडावे. ते का बिघडले हे त्याच्यावरच्या खुणांवरून कळते, आणि ते न समजता नवे सील बसवणे म्हणजे तेच बिघाड पुन्हा मागवणे होय.

कठीण फेसवर केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या बारीक तडा असतील तर फेस कोरडे चालले किंवा त्यांच्यामधला द्रव उकळला, असा अर्थ निघतो. कार्बनच्या, म्हणजे जोडीतल्या मऊ फेसच्या, कडा ठिकठिकाणी तुटलेल्या असतील, तर द्रवाची वाफ होऊन फेस उघडत आणि पुन्हा आपटत होते, अशी शक्यता मोठी असते. कठीण फेसवरचा घासाचा पट्टा कार्बनच्या नाकापेक्षा (पुढे आलेल्या, टेकणाऱ्या कडेपेक्षा) रुंद झाला असेल तर शाफ्ट थरथरत होता किंवा कपलिंगचे अलाइनमेंट (मोटर व पंपाचे शाफ्ट एका रेषेत असणे) बिघडले होते. ओ-रिंग फुगून मऊ पडली असेल तर रबराची जात त्या द्रवाला चालत नाही. ती कडक होऊन चिरली असेल तर तापमान जास्त झाले. स्लीव्हवर ओ-रिंगच्या जागी खोल, चकचकीत चर दिसला तर त्या जागी सील सतत पुढे-मागे हलत होते, आणि त्याचे कारण पुढच्या टप्प्यातल्या मोजमापांत सापडते.

तपासणी: बिघाडाचे संभाव्य कारण एका वाक्यात लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर पुढे जाण्याची घाई करू नये.

## टप्पा ३: शाफ्ट, बेअरिंग आणि स्टफिंग बॉक्सची मोजमापे

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो या टप्प्याला. मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, डेप्थ गेज आणि मायक्रोमीटर एवढ्या साधनांत सर्व मोजमापे होतात. पुढे दिलेल्या मर्यादा सर्वसाधारण पंपांच्या आहेत. पंपाच्या किंवा सीलच्या निर्मात्याने याहून कडक मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी.

पहिले मोजमाप रनआउटचे, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डगमगतो याचे. डायल गेजचे टोक सील बसते त्या जागी स्लीव्हवर टेकवून शाफ्ट हाताने पूर्ण फिरवावा. काट्याची एकूण हालचाल ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. जास्त आली तर स्लीव्ह काढून शाफ्टवरच पुन्हा मोजावे, म्हणजे वाकलेला शाफ्ट आणि सदोष स्लीव्ह यांतला फरक कळतो.

दुसरे मोजमाप बेअरिंगांचे. शाफ्ट वर उचलून आणि खाली दाबून मिळणारी हालचालही ०.०५ मिलिमीटरच्या आसपास थांबायला हवी, तर शाफ्ट लांबीच्या दिशेने ढकलून-ओढून मिळणारा एंड प्ले साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावा. हा एंड प्ले जास्त असेल तर सील कितीही चांगले असले तरी फेसवरचा दाब प्रत्येक सुरुवातीला आणि प्रत्येक भारबदलाला बदलत राहतो. येथे बेअरिंग बदलण्याचा खर्च टाळण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा, कारण सैल बेअरिंगवर बसवलेले सील फार दिवस टिकत नाही.

तिसरे मोजमाप बहुतेक ठिकाणी घेतलेच जात नाही, आणि माझ्या मते वारंवार गळणाऱ्या पंपांत तेच सर्वांत उपयोगी ठरते. डायल गेजचा स्टँड शाफ्टवर बसवावा, टोक स्टफिंग बॉक्सच्या तोंडावर, म्हणजे ग्लँड जिथे बसते त्या पृष्ठावर, टेकवावे आणि शाफ्ट फिरवावा. हे पृष्ठ शाफ्टला काटकोनात नसेल तर सीट तिरकी बसते, आणि फिरत्या फेसला तो तिरकेपणा भरून काढण्यासाठी प्रत्येक फेऱ्यात एकदा पुढे-मागे व्हावे लागते. मिनिटाला २९०० फेरे घेणाऱ्या पंपात ही हालचाल दिवसाला ४१ लाखांहून अधिक वेळा होते. स्लीव्हवरचा चर आणि दमलेली स्प्रिंग ही तिचीच फळे. येथेही ०.०५ मिलिमीटर ही मर्यादा धरावी. बॉक्सचे तोंड खराब असेल तर ते लेथवर घासून घ्यावे; जाड गॅस्केट टाकून दोष झाकू नये.

शेवटी स्लीव्हचा व्यास मायक्रोमीटरने तीन जागी मोजावा आणि पृष्ठ नखाने तपासावे. नख अडकेल असा चर असेल तर स्लीव्ह बदलावी. ओ-रिंग ज्या कडेवरून आत सरकणार आहे ती कड, की-वेचे (चावीच्या खाचेचे) काठ आणि ग्रब स्क्रूच्या (सील शाफ्टवर पकडणाऱ्या लहान स्क्रूंच्या) जुन्या खुणांवरचे उठाव बारीक एमरी पेपरने मोडून घ्यावेत.

सावधान: एमरी पेपर वापरून झाल्यावर शाफ्ट आणि बॉक्स पूर्ण धुऊन पुसावेत, आणि तोवर नवे सील त्या टेबलाजवळही आणू नये. एमरीचा एक कण फेसमधल्या थरापेक्षा कित्येक पटींनी जाड असतो.

## टप्पा ४: नवे सील ताडून पाहणे

खोक्यावरचा आकार बरोबर असला म्हणजे सील बरोबर असतेच असे नाही. शाफ्टचा व्यास, फेसची जोडी आणि रबराची जात या तिन्ही गोष्टी जुन्या नोंदीशी आणि प्रत्यक्ष द्रवाशी ताडून पाहाव्यात. नायट्रिल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतचे पाणी व तेल यांसाठी ठीक असते. ईपीडीएम गरम पाणी आणि कॉस्टिकसाठी उत्तम असते, पण खनिज तेल व साधे ग्रीस लागताच ते फुगते. व्हायटन तेल आणि उच्च तापमान सोसते, मात्र ॲसिटोनसारख्या द्रावकांत खराब होते.

शंकूच्या आकाराची एकेरी स्प्रिंग असेल तर ती एकाच दिशेच्या फिरण्यासाठी गुंडाळलेली असते. पंपाची दिशा आणि स्प्रिंगची दिशा जुळवूनच पुढे जावे. फेसची जोडी नेहमी एकत्र बदलावी. जुनी सीट दिसायला चांगली आहे म्हणून ठेवली तर नवा कार्बन जुन्या घासाच्या पट्ट्यावर चालतो आणि सुरुवातीपासूनच गळतो. या फेसचा सपाटपणा प्रकाशाच्या पट्ट्यांनी मोजला जातो आणि एक पट्टी म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन, त्यामुळे काचेवर पेपर ठेवून फेस घासून काढण्याने तो सुधारत नाही, बिघडतो.

## टप्पा ५: खूण करणे आणि कामाची लांबी ठरवणे

स्प्रिंग किती दाबली जाईल हे या टप्प्यावर ठरते. कमी दाबली तर फेस उघडे राहतात, जास्त दाबली तर ते तापून झिजतात, आणि दोन्ही चुका पंप जोडल्यावर बाहेरून दिसत नाहीत.

सील न बसवता स्टफिंग बॉक्सचे कव्हर जागेवर जोडावे. स्लीव्ह पूर्ण आत बसलेली असावी आणि इम्पेलर (द्रव ढकलणारे फिरते चाक) उघड्या प्रकारचा असेल तर त्याची फट आधीच लावून घ्यावी, कारण ती नंतर लावली तर शाफ्ट सरकतो आणि सीलची लांबी बदलते. आता बॉक्सच्या तोंडाच्या बरोबर रेषेत स्लीव्हवर मार्करने पातळ खूण करावी. टोकदार सुईने ओरखडा काढू नये, विशेषतः ओ-रिंग सरकणार असलेल्या भागावर. मग कव्हर पुन्हा काढावे.

हिशेब असा करावा. समजा, सीलच्या ड्रॉइंगवर कामाची लांबी, म्हणजे फिरत्या भागाच्या मागच्या टोकापासून सीटच्या फेसपर्यंतचे अंतर, ४० मिलिमीटर आहे. सीट ग्लँडमध्ये बसवल्यावर तिचा फेस ग्लँडच्या पृष्ठापासून ६ मिलिमीटर बॉक्सच्या आत येतो आणि दाबलेल्या गॅस्केटची जाडी १ मिलिमीटर आहे. गॅस्केट ग्लँडला तेवढी बाहेर ढकलत असल्याने सीटचा फेस बॉक्सच्या तोंडापासून प्रत्यक्षात ५ मिलिमीटर आत राहील. म्हणून फिरत्या भागाचे मागचे टोक पहिल्या खुणेपासून इम्पेलरच्या दिशेने ५ अधिक ४०, म्हणजे ४५ मिलिमीटरवर यायला हवे. तिथे दुसरी खूण करावी. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्यक्ष आकडे ड्रॉइंगवरून आणि डेप्थ गेजने घ्यावेत.

ज्या लहान मोनोब्लॉक पंपांत (मोटर व पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) इम्पेलरचा बॉस, म्हणजे मधला जाड भाग, किंवा शाफ्टचा खांदाच सीलची जागा ठरवतो तिथे खूण लागत नाही, पण लांबी मोजून पाहणे तिथेही चुकवू नये.

तपासणी: दुसऱ्या व्यक्तीने हिशेब स्वतंत्रपणे करून पाहावा. गॅस्केटची जाडी वजा करायची असताना मिळवणे ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे.

## टप्पा ६: सील बसवणे

हात धुवावेत, टेबलावर स्वच्छ कागद अंथरावा आणि फेसचे वेष्टन शेवटच्या क्षणी काढावे.

आधी सीट. तिची ओ-रिंग साबणाच्या पाण्याने किंवा निर्मात्याने सांगितलेल्या वंगणाने किंचित ओली करावी, मागची खाच ग्लँडमधल्या पिनसमोर आणावी आणि फेसवर स्वच्छ कागदाची घडी ठेवून दोन्ही अंगठ्यांनी सीट सारख्या दाबाने आत ढकलावी. हातोडीचा, हलकासाही, ठोका देऊ नये. सिरॅमिक आणि सिलिकॉन कार्बाइडच्या सीटमध्ये पडलेली तड अनेकदा पंप तापल्यावरच उघडी पडते. सीट बसल्यावर ग्लँडच्या पृष्ठापासून तिच्या फेसचे अंतर चार जागी मोजावे. चारही आकडे एकसारखे आले नाहीत तर सीट काढून पुन्हा बसवावी.

आता सीट बसवलेली ग्लँड आणि तिचे गॅस्केट शाफ्टवर चढवून बेअरिंगच्या बाजूला सरकवून ठेवावे, आणि त्यानंतरच फिरता भाग चढवावा. हा क्रम उलटला की सगळे पुन्हा काढावे लागते. फिरता भाग दुसऱ्या खुणेपर्यंत सरळ सरकवावा. रबरी बेलोजच्या सीलमध्ये मध्येच थांबू नये, कारण वंगण सुकले की रबर शाफ्टला चिकटते आणि बेलोज ताणलेल्या अवस्थेतच अडकतो. ग्रब स्क्रू असतील तर ते आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

दोन्ही फेस धागे न सोडणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. त्यांवर ग्रीस लावू नये. मग कव्हर आणि इम्पेलर बसवून ग्लँडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येक वेळी थोडे थोडे असे आवळावेत आणि ग्लँड व बॉक्स यांमधली फट फीलर गेजने सर्व बाजूंनी सारखी असल्याचे पाहावे.

तपासणी: शाफ्ट हाताने फिरवावा. हलका, एकसारखा विरोध अपेक्षित आहे. एका जागी अडत असेल किंवा खरखर जाणवत असेल तर उघडून पाहावे.

## टप्पा ७: पाइप आणि कपलिंग

कपलिंगचे अलाइनमेंट पाइप जोडल्यानंतर तपासायचे असते, आधी नव्हे. सक्शन आणि डिस्चार्जचे फ्लँज आवळताना कपलिंगवर डायल गेज लावून ठेवावा, काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढत आहे आणि पाइपचा आधार सुधारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. चेन पुलीने पाइप ओढून बोल्ट घालणाऱ्या ठिकाणी सील टिकत नाही. गरम द्रवाचा पंप असेल तर चालण्याच्या तापमानाला आल्यावर अलाइनमेंट पुन्हा पाहावे. मोटरची फिरण्याची दिशा मात्र कपलिंग जोडण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

## टप्पा ८: हवा काढणे आणि पहिली सुरुवात

सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि पंपाच्या आवरणातली हवा काढल्यावर सीलच्या पोकळीतली हवाही वेगळी काढावी. फिरताना हलकी हवा शाफ्टभोवती, म्हणजे नेमकी फेसजवळ, गोळा होते. उभ्या पंपांत तर ती सर्वांत वरच्या पोकळीत अडकूनच राहते. डिस्चार्जमधून सीलकडे येणारी फ्लशिंगची नळी असेल तर तिच्यातल्या ऑरिफिसचे छिद्र मोकळे असल्याचे आधीच पाहिलेले असावे. बाहेरून फ्लशिंग येत असेल तर ते आधी सुरू करावे, मग पंप.

पंप सुरू करून डिस्चार्ज व्हॉल्व्ह लगेच उघडावा. बंद डिस्चार्जवर पंप चालवत ठेवल्यास आतला द्रव तापतो आणि फेसमध्येच उकळतो. सुरुवातीची काही मिनिटे थेंब पडले तर फेस बसेपर्यंत वाट पाहावी. किंचाळल्यासारखा आवाज आला तर फेस कोरडे आहेत. पंप ताबडतोब थांबवावा.

सावधान: कोरड्या चालून तापलेल्या सीलवर बाहेरून थंड पाणी ओतू नये. सिरॅमिकची सीट अचानक थंड होताच फुटते.

## गळती थांबली नाही तर

पंप बंद असतानाही तेवढीच गळती होत असेल तर आधी ओ-रिंग, गॅस्केट आणि स्लीव्हखालची वाट यांवर संशय घ्यावा. पाणी स्लीव्हच्या टोकाकडून, शाफ्टला चिकटून येत असेल तर ते स्लीव्हच्या गॅस्केटमधून येत आहे, आणि अशा वेळी सील बदलून काहीही साधत नाही. केवळ चालू असताना गळत असेल तर फेस, कंपन, अलाइनमेंट किंवा फेसमध्ये उकळणारा द्रव यांचा विचार करावा. गळती हळूहळू वाढत गेली तर झीज, आणि एकाएकी धार लागली तर तुटलेला फेस किंवा सरकलेली ओ-रिंग, हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो.

## कार्ट्रिज सील असल्यास

कार्ट्रिजमध्ये कामाची लांबी कारखान्यातच लावलेली असते आणि ती सेटिंग क्लिपांनी धरलेली असते. त्यामुळे टप्पा ५ वगळता येतो, पण टप्पा ३ वगळता येत नाही. क्रम असा ठेवावा:

१. कार्ट्रिज शाफ्टवर सरकवून पंप जोडावा, इम्पेलरची फट लावावी आणि कपलिंगचे अलाइनमेंट पूर्ण करावे.

२. ग्लँडचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

३. त्यानंतर कॉलरचे ग्रब स्क्रू आवळावेत.

४. सर्वांत शेवटी क्लिपा काढाव्यात किंवा बाजूला फिरवाव्यात, आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.

क्लिपा आधी काढल्या तर कार्ट्रिजची लांबी हरवते; काढायच्या राहिल्या तर सुरू होताच त्या तुटतात. काढलेल्या क्लिपा पंपाजवळच बांधून ठेवाव्यात, कारण इम्पेलर पुन्हा हलवायचा असेल किंवा सील उतरवायचे असेल तेव्हा आधी त्याच बसवाव्या लागतात. दुहेरी सीलमध्ये दाबाखालचा बॅरियर द्रव (दोन सीलच्या मधल्या जागेत भरलेला द्रव) असेल तर त्याचा दाब सीलच्या पोकळीतल्या दाबापेक्षा किमान १.४ बार जास्त असावा, आणि हा दाब पंप सुरू करण्याआधी चढवून पंप थांबून रिकामा झाल्यावरच उतरवावा.

## साखरेचा पाक आणि कॉस्टिकसारखे द्रव

फेसमधून सूक्ष्म प्रमाणात बाहेर येणारा पाक किंवा कॉस्टिक हवेच्या बाजूला सुकतो, त्याचे स्फटिक होतात आणि फिरता फेस पुढे सरकायचा थांबतो. अशा पंपांना फेसच्या बाहेरच्या बाजूने पाण्याचे किंवा मंद वाफेचे क्वेंच द्यावे लागते. ते पंपाआधी सुरू करावे आणि पंप थांबल्यावरही फेस धुतले जाईपर्यंत चालू ठेवावे. पंपाबरोबरच क्वेंच बंद करण्याची पद्धत सर्रास दिसते आणि पुढच्या सुरुवातीला सील त्यामुळेच जाते. साखर कारखान्यात गळीत हंगाम संपताना पाकाचे पंप गरम पाण्याने धुऊन रिकामे करावेत. बंद काळात शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवावा आणि नव्या हंगामाच्या आधी सीलची पोकळी गरम पाण्याने भरून, फेस सुटे झाल्याची खात्री शाफ्ट हाताने फिरवून केल्यावरच मोटरला पुरवठा द्यावा.